शून्याच्या वरचा रस्ता

जानेवारीत न्यू जर्सीहून लॉस एंजेलिसला आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, जायचं ठरवलं आणि फोनवरच्या नकाशाला रस्ता विचारला, तर तो पेनसिल्व्हेनिया, ओहायो, आयोवा, नेब्रास्का अशा राज्यांतून जवळजवळ सरळ पश्चिमेकडे नेतो. पुढे कोलोरॅडोत रॉकी पर्वत ओलांडताना ११,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून काढतो. अंतर सुमारे २,८०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर. मोटारीसाठी हे उत्तर बरोबर आहे. ज्या वाहनाच्या पोटात पाण्याच्या तीन टाक्या, मोरी, संडास आणि भिंतींआडून गेलेले नळ आहेत, त्याच्यासाठी हिवाळ्यात हेच उत्तर चुकीचं ठरतं. नकाशा मोजतो मैल आणि तास. आरव्हीला अडवते ती पाणी गोठण्याची रेषा, आणि ती रेषा नकाशावर दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की, हिवाळ्यातल्या लांबच्या आरव्ही-प्रवासाचा मार्ग अंतरावरून आखू नये; दुपारचा पारा कुठे शून्याच्या वर चढतो, यावरून आखावा. रोज किती मैल जायचं, मुक्काम कुठे करायचा, गॅस किती लागेल, हाताशी मोकळे दिवस किती ठेवायचे, हे सगळे प्रश्न त्यानंतर सुटू लागतात.

यात दुपार का, रात्र का नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. थंडी म्हटली की आपण रात्रीचं किमान तापमान पाहतो. पण नळातलं पाणी पारा शून्यावर आला म्हणून लगेच गोठत नाही. त्यातली उष्णता निघून जायला वेळ लागतो, आणि शून्य अंशावर पोचलेल्या पाण्याचं बर्फ व्हायला आणखी बरीच उष्णता बाहेर पडावी लागते. पहाटे तीन-चार तास उणे दोन अंश होते आणि सकाळी दहाला ऊन पडून पारा दहा अंशांवर गेला, तर भरलेल्या टाकीला सहसा काही होत नाही. बारीक नळीत थोडा बर्फ धरलाच, तर तो दुपारपर्यंत सुटतो. याउलट दुपारीही पारा उणे तीनवरच राहिला, तर प्रत्येक रात्रीची थंडी आदल्या रात्रीच्या थंडीत मिळत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडीच्या तळाशी असलेली सांडपाण्याची टाकी घट्ट होते. तिचा व्हॉल्व्ह हलत नाही आणि ती रिकामी करता येत नाही. पाण्याचं बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे नळाचे सांधे आणि पंपाचं कवच तडकतं. हे लक्षात येतं ते बर्फ वितळून भिंतीआड पाणी झिरपू लागल्यावर, म्हणजे कदाचित पुढच्या राज्यात गेल्यावर.

गाडीत हीटर असतो, मग भीती कशाची, असं कुणी विचारेल. हिशेब करून पाहू. मागे जोडून ओढायच्या आरव्हीवर, म्हणजे ट्रेलरवर, साधारणपणे २० पौंडांचे, म्हणजे ९ किलो प्रोपेनचे दोन सिलिंडर असतात. आपल्याकडच्या १४.२ किलोंच्या घरगुती सिलिंडरच्या मानाने एकात दोन-तृतीयांशाहून थोडा कमी गॅस मावतो. त्यातून मिळणारी उष्णता सुमारे ४,३०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचं ब्रिटिश एकक). आरव्हीतली मध्यम आकाराची फर्नेस, म्हणजे हाच हीटर, तासाला ३०,००० बीटीयू खाते. ती सलग चालली तर एक सिलिंडर चौदा तासांत संपतो, आणि निम्मा वेळ चालली तरी एका दिवसाच्या थोडं पुढे जातो. शिवाय फर्नेस नुसत्या गॅसवर चालत नाही. गरम हवा ढकलणारा तिचा पंखा बारा व्होल्टवर सात-आठ अँपियर ओढतो. बारा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ फिरला, तरी पंचेचाळीस अँपियर-तास गेले. शंभर अँपियर-तासांची साधी शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर तिच्यातली निम्मीच वीज वापरावी लागते, म्हणजे ती एका रात्रीत संपली. नव्या लिथियम बॅटऱ्या जास्त वीज देतात, पण शून्याखाली त्या चार्ज करायच्या नसतात. केल्या तर कायमच्या खराब होतात. म्हणजे जिथे दिवसाही शून्याखाली असतं तिथे गॅस, वीज आणि पाणी ही तिन्ही एकाच वेळी अडचणीत येतात. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असेल तर बराच भार हलका होतो, पण उत्तरेकडची बहुतेक कॅम्पग्राउंडं हिवाळ्यात बंदच असतात, आणि उघडी असतात तिथेही अनेकदा नळाचं पाणी तोडलेलं असतं.

प्रोपेनबद्दल एक चांगली गोष्टही सांगायला हवी. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या आसपासच वायुरूप व्हायचं थांबतं, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं, म्हणून थंड देशात तेच चालतं. पण एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. आरव्हीतल्या फर्नेसचा धूर आणि वाफ बाहेर सोडलेली असते. स्वयंपाकाची शेगडी पेटवून खोली गरम केली, किंवा धुराडं नसलेला सुटा गॅस-हीटर लावला, तर ही सगळी वाफ आत साचते, खिडक्यांवर आणि गाद्यांखाली ओल धरते, आणि हवा कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. शेगडी ऊब घेण्यासाठी कधीच पेटवायची नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो की नाही हे निघण्यापूर्वी बटण दाबून पाहायचं. या दोन गोष्टी मार्गाच्या आधी येतात.

आता मार्ग. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला वाळवंट आहे, तेव्हा तिथे ऊबच असणार, हा समज अनेकांचा घात करतो. तिथे अक्षांशापेक्षा उंची जास्त महत्त्वाची असते. ॲरिझोनातलं फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ११०० फुटांवर आहे आणि जानेवारीत तिथे दुपारी वीस अंशांच्या आसपास तापमान असतं. तिथून सव्वादोनशे किलोमीटर उत्तरेला फ्लॅगस्टाफ आहे, सुमारे ७००० फुटांवर, आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही साडेचारशे मीटर उंच. तिथे जानेवारीच्या सरासरी रात्री उणे आठ अंशांपर्यंत पारा उतरतो आणि बर्फ खूप पडतो. कॅलिफोर्नियाहून पूर्वेला जाणारा आय-फोर्टी हा महामार्ग याच फ्लॅगस्टाफमधून जातो. नकाशावर तो दक्षिणेकडचाच वाटतो, पण हिवाळ्यात तो पर्वतातला रस्ता असतो. त्याच्याही खाली आय-टेन आहे. सांता मोनिकापासून फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलपर्यंत सुमारे २,४६० मैल जाणारा हा रस्ता फिनिक्स, टूसॉन, एल पासो, सॅन अँटोनिओ, ह्यूस्टन आणि न्यू ऑर्लिन्स ही गावं जोडतो. न्यू मेक्सिकोत तो खंडाचा जलविभाजक ओलांडतो तेही साडेचार हजार फुटांच्या आसपास. एल पासोला जानेवारीतल्या रात्री पारा शून्याला टेकतो खरा, पण दुपारी तो बहुतेक दिवस बराच वर असतो. म्हणून हिवाळ्यात देश आडवा ओलांडायचा तर कणा आय-टेनचा धरावा आणि बाकीचे रस्ते त्याला जोडावेत.

जवळचा रस्ता हिवाळ्यात लांबचा कसा ठरतो, याचा पुरावा वायोमिंगमध्ये काँक्रीटमध्ये ओतलेला आहे. आय-एटी महामार्ग तिथून नेताना लॅरमी आणि वॉलकॉट जंक्शन या गावांदरम्यान दोन पर्याय होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे टाकणाऱ्यांनी एल्क पर्वताला उत्तरेकडून मोठा वळसा घातला होता आणि जुना हमरस्ताही मेडिसिन बो गावावरून त्याच वळशाने जात होता. आंतरराज्य महामार्ग बांधणाऱ्यांनी सुमारे वीस मैल वाचवण्यासाठी पर्वताच्या पायथ्याजवळून सरळ रेघ ओढली. तिथे वारा आणि हिमवादळं कशी असतात, हे गुरं पाळणाऱ्या स्थानिकांनी आधीच बजावलं होतं. १९७० च्या ऑक्टोबरात रस्ता खुला झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात तो वारंवार बंद पडू लागला. मग वाऱ्याने उडणारा बर्फ रस्त्याबाहेर थोपवण्यासाठी मैलोन्‌मैल उंच लाकडी कुंपणं उभारावी लागली. ती आजही उभी आहेत आणि रस्ता आजही दर हिवाळ्यात बंद होतो. बर्फ नसलेल्या दिवशीही तिथे हलक्या आणि उंच वाहनांना बंदी लागते, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बाजूवर पडणारा दाब चौपट होतो, आणि आरव्हीची बाजू म्हणजे घराची भिंतच. वाचवलेले वीस मैल किती हिवाळ्यांत किती दिवसांनी परत फेडावे लागले, हे ज्याला कळलं त्याने नकाशावरचा सर्वांत आखूड रस्ता निमूट स्वीकारू नये.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो रास्त आहे. आरव्ही इंधन खाते. मध्यम आकाराचं मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, गॅलनला आठ ते बारा मैल देतं. न्यू जर्सीहून किनाऱ्याने दक्षिणेला उतरून, अटलांटा आणि डॅलसवरून आय-टेनला लागून लॉस एंजेलिस गाठलं तर सरळ मार्गापेक्षा तीन-चारशे मैल जास्त पडतात, म्हणजे तीस-चाळीस गॅलन. पेट्रोलच्या भावाने ते शंभर-दीडशे डॉलर होतात. त्यासमोर ठेवायचं काय? पर्वतात रस्ता बंद झाल्यावर मोटेलात काढलेली एक रात्र, फुटलेल्या पंपाची दुरुस्ती, दिवसरात्र फर्नेस पेटती ठेवायला लागणारा गॅस, आणि चाकांना लावायच्या साखळ्या, ज्या काही भाड्याच्या आरव्हींना लावायला कंपनीचीच मनाई असते. यातली एकच गोष्ट घडली तरी दक्षिणेचा फेरा स्वस्त पडतो. काहीच घडलं नाही तर तो थोडा महाग पडतो. हिवाळ्यात मी हे जास्तीचे पैसे विम्याच्या हप्त्यासारखे मानतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. बाजारात चारही ऋतूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आरव्ही आहेत. त्यांच्या टाक्या बंदिस्त पोटात असतात, त्या पोटात फर्नेसची गरम हवा सोडलेली असते, खिडक्या दुहेरी काचेच्या असतात. अशी गाडी असेल तर कोलोरॅडोतून का जाऊ नये? कारण ही सगळी व्यवस्था उष्णता टिकवते, निर्माण करत नाही. पोट गरम ठेवणारी हवा फर्नेसचीच, तेव्हा गॅस किंवा बॅटरी संपली की काही तासांत ते संरक्षणही संपतं. शिवाय भारी उष्णतारोधक भिंती घाटात टायरची पकड वाढवत नाहीत आणि वाऱ्याचा दाब कमी करत नाहीत. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिचा उपयोग दक्षिणेत अचानक आलेल्या थंडीत करावा. तिच्या भरवशावर उत्तरेचा मार्ग निवडणं म्हणजे राखीव बळ पहिल्याच दिवशी खर्च करणं होय.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: दक्षिणसुद्धा गोठते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससवर आर्क्टिक हवा उतरली. डॅलसच्या परिसरात पाच दिवसांहून अधिक काळ पारा शून्याच्या वर आलाच नाही, लाखो घरांची वीज गेली आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. जानेवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच बर्फ पडला, तिथल्या नोंदींतला एक विक्रम, आणि लुइझियानात खुद्द आय-टेन बंद ठेवावा लागला. हे का होतं, ते भारतीय वाचकाला चटकन कळेल. आपल्या उत्तरेला हिमालय आडवा उभा आहे, म्हणून सायबेरियाची हवा महाराष्ट्रापर्यंत पोचत नाही. उत्तर अमेरिकेचे पर्वत उभे आहेत, पश्चिमेला रॉकी, पूर्वेला ॲपलाशियन. मधली सपाटी कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मोकळी आहे आणि ध्रुवाकडची हवा तिच्यातून बिनअडथळा खाली घसरते. म्हणजे शून्याच्या वरचा रस्ता ही जमिनीवर कायमची आखलेली रेघ नाही, ती हवेबरोबर सरकते. पण या आक्षेपातून माझं म्हणणं खोटं ठरत नाही, उलट त्यात एक गोष्ट जोडली जाते. दक्षिणेतली अशी लाट दिवसांत मोजावी लागते, आणि तिची चाहूल आधी लागते. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सात दिवसांचा अंदाज देते आणि सहा ते चौदा दिवसांत तापमान नेहमीपेक्षा वर राहील की खाली, याचेही नकाशे काढते. हे रोज पाहणाऱ्याजवळ तीन-चार मोकळे दिवस असतील, तर लाट येण्याआधी तो विजेची जोडणी असलेल्या जागी थांबू शकतो, गॅस भरून ठेवू शकतो, नाहीतर दोनशे मैल पुढे किंवा मागे सरकू शकतो. ज्याच्या वेळापत्रकात रोज ठरलेले मैल आहेत, त्याला अंदाज कळूनही काही करता येत नाही. म्हणून दर चौथा दिवस रिकामा ठेवावा, आणि तो वापरला गेला नाही तर विश्रांतीचा समजावा.

रस्त्यात अडकून पडण्याची तयारीही याच हिशेबात येते. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गजवळ आय-९५ वर शेकडो वाहनं चोवीस तासांहून जास्त काळ बर्फात खिळली होती. त्यांत सिनेटर टिम केनही होते. हा घाटातला रस्ता नव्हता, पूर्व किनाऱ्याचा सपाट आणि सर्वांत वर्दळीचा रस्ता होता. आरव्हीत झोपायची जागा, अन्न आणि गॅस असतो, त्यामुळे अशा वेळी मोटारीपेक्षा ती सुरक्षित आहे, मात्र गॅस आणि बॅटरी निम्म्याहून खाली गेलेली नसेल तरच.

उत्तरेतून निघणाऱ्याला पहिले दोन-तीन दिवस थंडीतून जावंच लागतं. त्याचा जुना, पक्का उपाय म्हणजे कोरडं निघणं. टाक्या आणि नळ पूर्ण रिकामे करायचे, नळांत आरव्हीसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं आणि पाण्याची व्यवस्था बंद ठेवूनच गाडी चालवायची. हे अँटिफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकोलचं असतं. मोटारीच्या रेडिएटरमधलं सहसा एथिलीन ग्लायकोलचं आणि विषारी असतं. ते पिण्याच्या नळांत कधीही घालायचं नाही. पिण्याला बाटलीबंद पाणी, संडासात ओतायला तेच गुलाबी द्रव. जॉर्जिया किंवा अलाबामात उतरल्यावर, पुढच्या आठवड्यातल्या दुपारी शून्याच्या बऱ्याच वर दिसू लागल्या की नळ धुऊन घ्यायचे आणि टाक्या भरायच्या. डिझेलची गाडी असेल तर उत्तरेत तिथल्या पंपावरचं हिवाळी डिझेलच घ्यावं. दक्षिणेत भरलेलं साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं साकळतं आणि फिल्टर तुंबतो, हे परतीच्या प्रवासात विशेष लक्षात ठेवावं लागतं.

दिवसाचे मैल उजेड ठरवतो. २१ डिसेंबरला मुंबईत जवळजवळ अकरा तासांचा दिवस असतो. टूसॉनला तो दहा तासांचा होतो आणि वायोमिंगमध्ये सव्वानऊचा. मुक्कामाला पोचल्यावर गाडी समतल करणं, वीज आणि पाणी जोडणं, सांडपाण्याची नळी नीट उताराने लावणं ही कामं उजेडातच व्हायला हवीत. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह रात्री उघडा ठेवू नये. थेंबथेंब वाहणारं पाणी नळीत थर धरून गोठतं आणि सकाळी नळीचा दगड झालेला असतो. टाकी भरू द्यावी आणि मग एकदम सोडावी. दुपारी तीनला थांबायचं तर दोनशे मैल पुरेत. या गतीने आय-टेन संपूर्ण पार करायला गाडीवर बारा-तेरा दिवस जातात, आणि रिकामे दिवस धरले की जवळजवळ अडीच आठवडे. निवृत्त लोक हेच करतात. ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइट या अडीच हजार वस्तीच्या गावाभोवतीच्या सरकारी वाळवंटात दर हिवाळ्यात हजारो आरव्ही येऊन राहतात. केंद्राच्या जमीन खात्याने तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामाची सोय केली आहे.

नोकरी करणाऱ्या कुटुंबाला एवढी रजा मिळत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत नाताळची सुट्टी म्हणजे फार तर दहा दिवस, बरोबर शाळकरी मुलं, कधी भारतातून आलेले आई-वडील. त्यांनी मोटार घेऊन मोटेलात का राहू नये, असा प्रश्न इथे येतो. सगळा देश ओलांडायचाच असेल, तर खरंच त्यांनी तसंच करावं. दहा दिवसांत आरव्हीने तीन हजार मैल जायचे म्हणजे मोकळा दिवस एकही नाही, आणि मोकळे दिवस नसतील तर माझ्या मते हिवाळ्यात आरव्ही घेऊच नये. पण ज्येष्ठांना संडास हाताशी हवा, पथ्याचं जेवण हवं, पाठ टेकायला जागा हवी, हे आरव्हीचे फायदे खरे आहेत. ते हवे असतील तर उत्तर विमानाने ओलांडावी आणि आरव्ही दक्षिणेतच भाड्याने घ्यावी. सॅन अँटोनिओ ते टूसॉन हे आय-टेनवरून पावणेनऊशे मैलांच्या आत आहे. वाटेत फोर्ट स्टॉकटनहून दक्षिणेला बिग बेंड राष्ट्रीय उद्यान, लास क्रूसेसहून पन्नास मैलांवर व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या टेकड्या, आणि शेवटी टूसॉनभोवतीची निवडुंगांची रानं. एकाच बिग बेंडमध्ये उंचीचा तो फरक पुन्हा भेटतो. चिसोस पर्वतातल्या खोऱ्यातलं कॅम्पग्राउंड ५,४०० फुटांवर, जवळजवळ कळसूबाईच्या शिखराच्या उंचीवर आहे, आणि तिथे चढणारा वळणांचा रस्ता मोठ्या आरव्हींसाठी योग्य नाही. नदीकाठचं रिओ ग्रान्दे व्हिलेज १,८५० फुटांवर आहे. डिसेंबरात मुक्काम नदीकाठी करावा, आणि चिसोसची वाट गाडी लहान असेल तरच, रात्री बर्फ पडला नाही ना याची उद्यानाच्या कार्यालयात चौकशी करून, दिवसाउजेडी धरावी.